परत दहावर

शुक्रवार, रात्री उशिरा

विंडोज ११ काढलं. मशीनवर पुन्हा विंडोज १० आहे आणि मराठी टाइप होतंय. लग्नसराईत पत्रिकांच्या कामाला मला एवढं पुरे.

भाच्याचा आग्रह होता. १४ ऑक्टोबर २०२५ला दहाचा सपोर्ट संपला, आता त्यावर बँकेचं काही उघडू नकोस मावशी, अकरा घालू. त्याचं चूक नव्हतं. मशीनही त्या लायकीचं निघालं. टीपीएम २.० (अकराला लागणारी सुरक्षेची चिप) होतंच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागलं. अकरा बिनबोभाट चढलं. फोटो, हिशेबाच्या शीट, छपाईचा प्रिंटर, सगळं जागच्या जागी. मी खूशही झाले होते.

गोची झाली ती डोंगलची. आमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या जमान्यातलं, मागे यूएसबीत त्याचं लॉक, म्हणजे हे डोंगल, लावलेलं असलं तरच चालणारं. नव्या विंडोजने त्या लॉकचा जुनाट ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते लॉक ओळखायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, घेतलाच नाही. मेमरी इंटिग्रिटी (असे ड्रायव्हर अडवणारी विंडोजची सुरक्षेची सोय) बंद करून पाहिलं, ड्रायव्हर काढून परत टाकून पाहिला, डोंगल दुसऱ्या पोर्टात लावून पाहिलं. ढिम्म. विंडोजला तरी काय बोलणार? कुठलाही ऐरागैरा ड्रायव्हर थेट आत घ्यायचा नाही, हे धोरण बरोबरच आहे. राग येतो तो सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा. पैसे घेताना ‘कायमचं लायसन’ म्हणाला होता. आता त्याचा नंबरच अस्तित्वात नाही.

गंमत म्हणजे जुन्या फाइली व्यवस्थित उघडत होत्या. पेजमेकरमध्ये (पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये) मजकूर जसाच्या तसा, कारण फॉन्ट मशीनवर होतेच. नवीन काही टाइप करायला गेलं की मात्र कुठे सुटा रफार, कुठे अर्धा श, कुठे नुसताच काना. या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे बसवलेले असतात. कोणती कळ दाबल्यावर कोणते तुकडे जोडून आणायचे, हे टायपिंगचं सॉफ्टवेअर बघतं. ते गप्प बसलं की त्या घरात जे असेल ते बाहेर पडतं. ‘आशीर्वाद’ लिहायला गेले आणि समोर जे उमटलं त्याला शिवीही म्हणता आली नसती.

मग युनिकोडमध्ये का करत नाहीस, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. करते की! बातम्या, पत्रं, व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारं सगळं युनिकोडमध्येच करते. पण पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, आणि मराठी युनिकोड त्याला झेपत नाही. आणि माझ्याकडच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, पत्रिकांचे सगळे नमुने त्यातच. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, थोरलीची केली होती ना तशीच करा, फक्त नावं बदला. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, वापरलेतही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलट. कन्व्हर्टर तिथे ठेचकाळतो. जोडाक्षरं तर ओळीओळीने तपासावी लागतात. शंभर पानांच्या अहवालाला ते कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार?

परत जाणं अपेक्षेपेक्षा सोपं निघालं. सेटिंग, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे ‘गो बॅक’. ही सोय अपग्रेडनंतर फक्त १० दिवस असते. जुनं विंडोज तोवर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतं, म्हणून जागा करायच्या भरात ते उडवायचं नाही. आधी विंडोज विचारतं, का परत जाताय? मी ‘अ‍ॅप किंवा उपकरणं चालत नाहीत’वर टिक केली. मग अपडेट तपासायचे का, जुना पासवर्ड आठवतोय ना, अशा चौकशा. एखाद्याला घरातून निघू न देणाऱ्या आत्याबाईंसारखं चाललं होतं. फायली शाबूत राहिल्या. अकरावर टाकलेला पीडीएफचा प्रोग्रॅम तेवढा गेला, तो पुन्हा टाकला.

डोंगल ओळखलं. ‘आशीर्वाद’ नीट उमटला.

आता सुरक्षेचं. नोंदणी केली तर दहाला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, ती भाच्याने करून दिली. तरी या मशीनची नेटची वायर काढूनच ठेवणार आहे, अपडेटपुरती लावायची. बँक, मेल, गिऱ्हाइकांचे फोटो हे सगळं लॅपटॉपवर. मधे पेनड्राइव्ह. भाचा म्हणतो, व्हायरस पेनड्राइव्हनेही येतात. ते खरंय. म्हणून गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह इथे लावायचा नाही, आधी लॅपटॉपवर स्कॅन, मग माझ्या पेनड्राइव्हवरून इकडे. कटकट आहे, पण पत्रिका वेळेत गेल्या पाहिजेत.

उद्या डोंगलच्या पिनवरची धूळ काढायची. दुसरं मिळणार नाहीये.