आमची वाटचाल : शिकाऱ्यांच्या जिवावर चालणारं मॉटेल

आमचं मॉटेल लुइसटाउनला आहे, माँटाना राज्याच्या जवळपास मधोमध. बिलिंग्जहून गाडीने दोनेक तास. अमेरिकेत मॉटेलवाला म्हटलं की तो पटेलच असणार, हे इथल्या गोऱ्यांनाही पाठ आहे. आम्ही जुन्नरकडचे म्हटल्यावर गुजराती मंडळीच जास्त चकित होतात. नवरा बिलिंग्जला नोकरीत होता. मंदीच्या त्या दोन वर्षांत एका गुजराती कुटुंबाने हे मॉटेल विकायला काढलं आणि भाव उतरला होता म्हणून आम्हाला झेपलं. यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

किल्ल्या देताना जुन्या मालकीणबाईंनी एकच गोष्ट नीट बजावली होती: उन्हाळ्यात विजेची आणि पाण्याची बिलं निघतात, बँकेचा हप्ता मात्र शिकारीच्या हंगामात निघतो. ते शब्दशः खरं निघालं. बंदुकीचा मुख्य हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या, रविवारी संपतो, साधारण पाच आठवडे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, वॉशिंग्टनकडून माणसं येतात, शिवाय राज्यातल्याच मोठ्या गावांतून. एल्क हे आपल्या सांबरापेक्षा बरंच मोठं हरीण, आणि म्यूल डियर हे लांब कानांचं हरीण, या दोघांसाठी. एकेक टोळी आठवडाभर राहते, घासाघीस करत नाही, टॉवेल मात्र वाट लावून ठेवते.

त्यांच्यासाठी आम्ही मागच्या आवारात सिमेंटचा ओटा बांधला, पाण्याचा पाइप, धड टांगायला लोखंडी तुळई, दोन मोठे फ्रीझर. पहाटे चारला कॉफी तयार. हे सगळं माळकरी घरातल्या सुनेने केलं, याची माहेरी-सासरी चिक्कार थट्टा झाली. सासूबाई पहिल्यांदा आल्या त्या नेमक्या नोव्हेंबरात. मागचं दार उघडून त्यांनी जे पाहिलं त्यानंतर त्या फक्त जूनमध्ये येतात. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे आमच्या पिढीला शिकार म्हणजे खटला एवढंच माहीत. इथे तो घरटी विषय आहे. शाळेतली शिक्षिका, बँकेतली बाई, आमचा प्लंबर, सगळे फ्रीझर भरून ठेवतात आणि वर्षभर तेच मांस खातात.

आता मुद्द्याचं. इथे जनावर कुणाच्या मालकीचं नसतं, ते राज्याच्या ताब्यात, म्हणजे सगळ्यांचं. परवाना राज्याच्या फिश, वाइल्डलाइफ अँड पार्क्स खात्याकडून घ्यायचा. पण जमीन रँचवाल्याची, म्हणजे मोठ्या रानावर गुरं पाळणाऱ्याची. परवाना खिशात असला तरी मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या रानात शिकार करता येत नाही. पूर्वी ही परवानगी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मागितली जायची आणि बहुतेक वेळा मिळायची. ऐंशीच्या दशकात राज्याने ‘ब्लॉक मॅनेजमेंट’ सुरू केलं. रँचवाल्याने रान लोकांना फुकट खुलं करायचं, त्याला होणाऱ्या त्रासाचे पैसे राज्याने द्यायचे. हे पैसे मुख्यतः शिकाऱ्यांच्याच परवान्यांतून येतात. फाटकाशी लाकडी पेटी असते, तिच्यातल्या चिठ्ठीवर नाव, गाडीचा नंबर लिहायचा आणि आत जायचं. ही योजना मला मनापासून आवडते. सरकारी योजनेबद्दल असं मी सहसा म्हणत नाही.

आमचं निम्मं गिऱ्हाईक दक्षिणेला स्नोई डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या अशाच एका रँचवर जायचं. मालक नवरा-बायको सत्तरी ओलांडलेले, मुलं शहरांत, परत येणारं कुणी नाही. त्यांनी रँच विकली. घेणारा बाहेरच्या राज्यातला. पुढच्या हंगामाआधीच फाटकावरची पेटी गेली, साखळी आली आणि खांबांना नारिंगी रंग लागला. माँटानात खांबाला नारिंगी रंग म्हणजे आत यायचं नाही, वेगळी पाटी लावायची गरज नसते.

खरा घाव त्या रँचच्या पाठीमागे होता. तिला लागून केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे जनतेची, जमीन आहे. तिकडे जाणारा एकुलता एक गाडीरस्ता या रँचमधून जात होता. त्यामुळे विकली गेली एक रँच, पण बंद झाल्या दोन जागा. सरकारी जमीन नकाशावर पिवळ्या रंगात दिसत राहते. तिथे पोचायला हेलिकॉप्टर परवडत असेल तर कायद्याची काही हरकत नाही.

विस्कॉन्सिनची एक टोळी आमच्याही आधीपासून या मॉटेलात उतरायची, बापाबरोबर आलेली पोरं आता स्वतःची पोरं आणायला लागली होती. त्यांनी उन्हाळ्यात फोन केला, रँचचं विचारलं, मी खरं ते सांगितलं, आणि त्यांनी खोल्या सोडल्या. त्यानंतर तसे फोन येतच राहिले. आजूबाजूच्या आणखी काही रँचवाल्यांनी आउटफिटरला, म्हणजे पैसे घेऊन शिकारीला नेणाऱ्या व्यावसायिकाला, रान भाड्याने दिलं. त्याची गिऱ्हाइकं कित्येक हजार डॉलर मोजतात आणि त्याच्याच लॉजवर राहतात, जेवतात. मॉटेल, कॅफे, टायरवाला, मांस कापून पाकिटं करून देणारा, कुणाच्याच वाट्याला त्यातलं काही येत नाही. एका नोव्हेंबरात तर आमच्या अर्ध्या खोल्या रिकाम्या होत्या. हप्ता साठवणीतून भरला.

तरी त्या म्हाताऱ्या जोडप्याला मी नावं ठेवणार नाही. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. आयुष्यभर राबून हातात एकच मोठी गोष्ट उरते, ती जमीन, आणि तिला चांगला भाव देणारा आला तर विकणं हा त्यांचा हक्क. आउटफिटरला रान देणाऱ्याचंही तेच. गुरांच्या भावाचा भरवसा नाही, गवत महाग, आणि राज्य देतं त्याच्या कितीतरी पट तो देतो. कॅफेत लोक या शेजाऱ्यांना शिव्या घालतात तेव्हा मला ते पटत नाही. तुमचा ऊस तुम्ही शेजाऱ्याला फुकट तोडू द्याल का?

मागच्या सरकारी जमिनीचं मात्र मला अजून गळी उतरत नाही. आपल्याकडे शेताला रस्ता नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, बांधावरून वाट मागता येते. भावकीत डोकी फुटतात, खेटे घालावे लागतात, तरी अर्ज करायला एक दार तरी असतं. इथे जमिनीचे मालक देशातले सगळे नागरिक, आणि अर्ज घेऊन जायला कुणीच नाही. शिवाय इथल्या जमिनी एक मैल बाय एक मैल चौकोनांत मोजलेल्या. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन दिले, त्यातून बुद्धिबळाच्या पटासारखी मालकी झाली. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला चिकटलेले असतात. त्या बिंदूवरून पाऊल टाकलं तर खासगी जमिनीवरची हवा ओलांडली जाते! मिसूलाच्या ऑनएक्स या नकाशे करणाऱ्या कंपनीच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे पश्चिमेकडच्या राज्यांत अशी कोपऱ्यांत अडकलेली सार्वजनिक जमीन ८३ लाख एकर आहे.

शेजारच्या वायोमिंगमध्ये २०२१ साली मिसूरीच्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ असा कोपरा चक्क शिडी टाकून ओलांडला. खासगी जमिनीला त्यांचा पाय लागला नव्हता. २०२२मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. जमीनमालकाचा दिवाणी दावा मग वर गेला, मार्च २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे वायोमिंग ज्या न्यायालयीन विभागात येतं त्याच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, त्याला आधार १८८५चा एक जुना कुंपणविरोधी कायदा. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आमच्या काउंटरवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पण माँटाना नवव्या सर्किटमध्ये येतं, तो निकाल इथे लागू नाही, आणि राज्याचं खातं अजूनही कोपरा ओलांडू नका असंच सांगतं. गिऱ्हाइकांना मीही तेच सांगते. त्यांचा दंड मी भरणार नाही.

फाटकं बंद झाल्याचा एक परिणाम गंमतशीर आहे, रँचवाल्यांना मात्र त्याची गंमत वाटत नाही. बंदूक वाजली की एल्क जिथे वाजत नाही तिथे जातात आणि हंगाम संपेपर्यंत हलत नाहीत. मग बंद रँचवर कळप, आणि हिवाळ्यात तोच कळप शेजाऱ्याची तार मोडून त्याच्या गवताच्या गंजीवर. आमच्या ओळखीच्या एकाने या त्रासापायीच आपलं रान ब्लॉक मॅनेजमेंटमध्ये घातलं. चला, तेवढा तरी फायदा.

धंदा सावरला तो पाच आठवड्यांवरचा भरवसा सोडल्यावर. सप्टेंबरात धनुष्यबाणवाले, ऑक्टोबरपासून फेझंट मारणारे. पक्षी मारणाऱ्यांना गव्हाच्या शेताची कड पुरते, त्यामुळे त्यांना रान मिळतं. आम्ही कुत्र्यांना परवानगी दिली, गालिचे काढून फरशी घातली. उन्हाळ्यात बिग स्प्रिंग क्रीक या ओढ्यावर ट्राउट मासे धरणारे येतात. पाण्याच्या बाबतीत हे राज्य उदार आहे: १९८५च्या कायद्याने सार्वजनिक रस्त्यावरून नाल्यात उतरलात की नेहमीच्या भरल्या पाण्याच्या खुणेच्या आत राहून कुणाच्याही रँचमधून चालत जा. ऑगस्टमध्ये गहू काढणारे, त्यांना आठवड्याचा दर.

अमेरिकन प्रेअरी या संस्थेचं केंद्रही आता गावात आहे. ती उत्तरेकडच्या रँच विकत घेऊन बायसनसाठी, म्हणजे इथल्या केसाळ रानबैलांसाठी, राखते. रँचवाल्यांचा तिच्यावर भारी राग, गावाबाहेर तिच्या विरोधातल्या पाट्या दिसतील. पण तिची बरीच जमीन शिकाऱ्यांना खुली आहे. आमची पाटी कुठल्याच बाजूला नाही.

दर ऑगस्टला खात्याची ब्लॉक मॅनेजमेंटची नवी माहिती येते. मी ती काउंटरवर ठेवते, यंदा गळलेली रानं पेनाने खोडते, नवी आलेली लिहिते, आणि फोन करणाऱ्याला खोलीचं भाडं सांगायच्या आधी हे वाचून दाखवते. नवऱ्याच्या मते यात गिऱ्हाईक जातं. जातं कधी कधी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात सध्या खोल्या आहेत, कुत्र्याचे वेगळे पैसे नाहीत, फ्रीझर सामाईक आहे, पाकिटावर नाव घालावं.