फळीखालचा फोटो

शनिवार, सकाळ

या सुट्टीत माझ्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर नवीन काही दिसणार नाही. डोंगर होता तेवढाच आहे, स्टेशनच्या छताला रंग नाही, यार्डातल्या रुळांखालचा कॉर्क अजून उघडा आहे. ज्या फळीवर हे सगळं उभं आहे, शनिवार-रविवार मी तिच्या खाली असणार. यार्डाच्या तोंडाशी एकापुढे एक सांधे आहेत, तिथून गाड्या वेगवेगळ्या लाइनींवर जातात. त्या सांध्यांना आणि त्यांच्या पुढच्या रुळांना वीज नीट पोचवायची, एवढंच काम काढलंय.

रविवारी संध्याकाळी आम्ही हाच छंद असलेले काही जण फोनवरून एकमेकांना आपापलं काम दाखवतो. आठवडाभर नोकरी-शाळा सांभाळून उरलेल्या वेळात जे झालं असेल ते, जसं असेल तसं. कोणाची हातभर लाइन पुढे सरकलेली असते, कोणाचं एखादं झाड उभं राहिलेलं असतं. मी यावेळी फळीखालचे फोटो दाखवणार आहे. खरं तर सगळ्यांनीच ते दाखवावेत असं मला फार दिवसांपासून वाटतं.

शनिवार, दुपार

माझी मांडणी एचओ स्केलची, म्हणजे 1:87. खऱ्या स्टँडर्ड गेजच्या रुळांतलं अंतर 1435 मिलिमीटर. 87 ने भागलं की साडेसोळा मिलिमीटर येतं, आणि तेच आपलं गेज. रूळ तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे. दोन तुकडे एका छोट्या जोडपट्टीत सरकवून जोडतात आणि वीजही त्या पट्टीतूनच पुढे जाते. नवीन असते तोवर जाते. मग खडीचा गोंद आत झिरपतो, रुळांना दिलेला रंग शिरतो, हवा बदलली की रूळ किंचित मागेपुढे होतात, आणि एक दिवस गाडी ठरावीक जागी मंदावायला लागते. माणूस इंजिन उघडून बसतो आणि दुखणं असतं भलतीकडेच.

म्हणून जोडपट्टीवर विसंबायचं नाही. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची बारीक वायर, म्हणजे फीडर, आणि तो फीडर फळीखालून सबंध लांबीभर जाणाऱ्या दोन जाड वायरींना जोडायचा. या जाड जोडीला आम्ही बस म्हणतो. माझ्याकडे एक लाल आहे, एक काळी. समोरचा रूळ लाल, मागचा काळा, आणि हे कुठेही बदलायचं नाही.

आज डाग द्यायचं, म्हणजे फीडर रुळाला सोल्डरने जोडायचं काम मनासारखं झालं. ते नीट लिहून ठेवते, कारण नवीन लोक हेच विचारतात. रुळाची बाहेरची बाजू घ्यायची, आतली नाही. आतून चाकाची कड जाते. बारीक कानशीने तेवढीच जागा घासून चकचकीत करायची. वायरीच्या टोकाला आधीच सोल्डर चढवून ठेवायचं, रुळालाही फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचा लेप) लावून पातळ थर द्यायचा. मग दोन्हीकडे स्लीपरच्या डोक्यावर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे, म्हणजे उष्णता पुढे पळत नाही. वायर रुळाला टेकवायची, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक वरून दाबायचं आणि सोल्डर पाण्यासारखं पसरलं की लगेच उचलायचं. सगळा खेळ दोन सेकंदांचा. जास्त रेंगाळलं तर प्लास्टिकचे स्लीपर मऊ होतात आणि गेज हलतं. सोल्डर पसरलं नाही, मण्यासारखं गोल उभं राहिलं, तर समजायचं की धातू पुरेसा तापलेला नाही. असा डाग दिसायला धरलेला वाटतो, पण आतून सुटा असतो. चांगला डाग रुळाच्या पायाशी असा बसतो की वर गंजाचा रंग मारल्यावर शोधूनही सापडत नाही.

शनिवार, रात्र

सांध्यांमध्ये सगळ्यात नाजूक जागा फ्रॉगची. दोन मार्गांचे आतले रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो टोकदार तुकडा. सरळ मार्गाचा जो रूळ तिथून जातो तो काळ्या बाजूचा, वळणाऱ्या मार्गाचा लाल बाजूचा. म्हणजे एकाच धातूच्या तुकड्याला एकदा काळं व्हायचंय आणि एकदा लाल. यावर सोपा उपाय म्हणून फ्रॉग प्लास्टिकचाच बनवतात किंवा त्याला वीज देतच नाहीत. मोठ्या इंजिनाला ते चालतं. त्याची बाकीची चाकं वीज घेत असतात. पण शंटिंगचं, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारं आखूड इंजिन यार्डाच्या वेगाने हळू आलं की त्याच तुकड्यावर गप्प उभं राहतं.

माझे सांधे सहा नंबरचे आहेत, म्हणजे सहा मापं पुढे गेल्यावर वाट एक माप फुटते. कोन साधारण साडेनऊ अंशांचा. त्यांचे फ्रॉग धातूचे आणि दोन्हीकडच्या रुळांपासून विजेच्या दृष्टीने अलग केलेले. त्या प्रत्येकाखाली सांधा हलवणारी मोटर बसवली आणि मोटरच्याच स्विचमधून फ्रॉगची वायर नेली. सांधा बदलला की फ्रॉगची बाजूही बदलते.

वेगाचं गणित मला फार आवडतं. ताशी 60 किलोमीटरने धावणारी खरी गाडी सेकंदाला सुमारे 16.7 मीटर जाते. 87 ने भागलं तर मांडणीवर सेकंदाला 19 सेंटिमीटर. यार्डात शंटिंग ताशी 10 किलोमीटरने धरलं तर सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर. त्या वेगात इंजिन न अडखळता सांधे ओलांडतं तेव्हा ते वजनदार वाटतं, शंभर टनांचं वाटतं. रंग कितीही उत्तम दिला तरी हा भास रंगाने येत नाही.

रात्री नाण्याची चाचणी घेतली. वीज चालू ठेवून बूस्टरपासून, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या पेटीपासून, सगळ्यात लांबच्या रुळांवर नाणं आडवं टेकवायचं. दोन्ही रूळ जोडले गेले की बूस्टरने त्याच क्षणी वीज तोडली पाहिजे. नाही तोडली तर कुठेतरी वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे, आणि त्यामुळे शॉर्टसर्किट झालेलं बूस्टरला कळत नाही. तो वीज ढकलत राहतो आणि एखादं इंजिन वितळतं. यार्डाच्या शेवटच्या टोकाला जाऊन प्रत्येक लाइनीवर नाणं ठेवलं. दर वेळी खट्. काय समाधान वाटलं त्या आवाजाने!

रविवार, रात्र

आजची बैठक लांबली, पण सुरेख झाली.

सुरुवात एका जोडप्याने केली. दोघं मिळून एकच मांडणी करतात. ते रूळ टाकतात, त्या निसर्ग उभा करतात. या आठवड्यात त्यांनी खडी पसरली होती. वहिनींनी फोन अगदी रुळाजवळ नेला आणि कृती सांगितली, ती मी जशीच्या तशी उतरवून घेतली. खडी सुकी टाकायची आणि मऊ ब्रशने स्लीपरच्या मधे सारायची. स्लीपरवर एकही कण राहू द्यायचा नाही. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ तर अगदी मोजके कण. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा वरून हवेत सोडायचा, म्हणजे तो दवासारखा खाली बसतो. थेट मारला तर खडी उडते. ती पुरती ओली झाली की पांढरा गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात साबणाचा एक थेंब, असं ड्रॉपरने कडेकडेने सोडायचं. ओल्या खडीत ते आपोआप आत ओढलं जातं. रात्रभर हात लावायचा नाही.

कणांच्या आकाराबद्दल त्यांचं म्हणणं मला पटलं. खरी खडी साधारण 50 मिलिमीटरची धरली तर एचओमध्ये कण अर्ध्या मिलिमीटरहून थोडासाच मोठा हवा. बाजारातली बरीच खडी याहून जाड असते आणि फोटोत गाडी रुळांवरून नाही, दगडधोंड्यांतून चालल्यासारखी दिसते. वहिनी खडी दोन चाळण्यांतून काढतात. असला हट्ट मला फार भावतो.

मग माझी पाळी. मी फळीखालचे फोटो लावले: रंगवार वायरी, प्रत्येकीला चिठ्ठी, मोटरींची रांग. जरा वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातले काका म्हणाले, "अगं, हा फोटो आधी दाखवायचास ना! तो लाल फीडर कुठून घेतलास ते परत दाखव." आणि तिथून जी चर्चा सुरू झाली ती कितीतरी वेळ चालली.

काका एन स्केलमध्ये काम करतात, 1:160, रुळांतलं अंतर 9 मिलिमीटर. आयुष्यभर रिले (विजेने चालू-बंद होणारे स्विच) आणि पॅनेल यांच्यात काम केलेला माणूस. त्यांनी आम्हाला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबची गोष्ट सांगितली. 1946 साली सुरू झालेला विद्यार्थ्यांचा क्लब. काहींना गाड्या आणि देखावे प्रिय, तर काहींचा जीव फळीखालच्या यंत्रणेत. ही दुसरी मंडळी सिग्नल आणि वीजपुरवठा बघायची आणि टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले वापरून गाड्यांचं नियंत्रण करायची. पुढे त्यांच्यातलेच काही विद्यापीठातल्या सुरुवातीच्या संगणकांकडे वळले. 1962 मधला स्पेसवॉर हा संगणकावरचा खेळ ज्यांनी घडवला त्यांत या क्लबातली मुलं होती. काका सांगत होते तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चमक होती. "फळीखाली रांगणारी माणसं होती ती," ते म्हणाले.

मला वाटतं ते हेच. पूर्ण झालेल्या मांडणीचा वरून काढलेला फोटो बघायला मलाही आवडतो. हॅम्बुर्गचं मिनिआतुर वुंडरलांड हे मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन, 2001 मध्ये उघडलेलं, त्याची चित्रं मी तासन्‌तास बघू शकते. जॉन ॲलन यांची गोर अँड डॅफेटिड ही मांडणी तर 1973 साली त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच आगीत गेली, आणि आज आपण ती ओळखतो ती त्यांनीच काढलेल्या अप्रतिम फोटोंमुळे. फोटो नसते तर आपल्याला काय उरलं असतं? पण तसा फोटो बघून उठलेला नवा माणूस बहुतेक वेळा आधी डोंगर बांधायला घेतो. डोंगर झाला, नदी ओतली, गाव वसलं, आणि मग बोगद्यातल्या रुळाला फीडर नाही हे कळतं. हात पोचत नाही. अशा कितीतरी मांडण्या अर्ध्यावर थांबतात, आणि त्यांचे मालक समजतात की आपल्यालाच हा छंद जमत नाही. या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं. जमतं सगळ्यांनाच, कोणीतरी वेळेवर खालची बाजू दाखवायला हवी.

दुसरंही एक कारण आहे. वरच्या फोटोला लोक "छान" म्हणतात. खालच्या फोटोला प्रश्न विचारतात. आज मला मोटरींच्या वायरी बसपासून दूर नेण्याची सूचना मिळाली, ती मी करणार आहे. डीसीसीमध्ये, म्हणजे गाड्या चालवायच्या डिजिटल पद्धतीत, रुळांतून वीज आणि हुकूम एकत्रच जातात: "एक" पाठवायचा तर प्रत्येक अर्धी लाट 58 मायक्रोसेकंदांची, "शून्य" असेल तर 100 किंवा त्याहून लांब. इंजिनातला डीकोडर त्यातून आपला पत्ता आणि वेग ओळखतो. इतक्या झपाट्याने उलटसुलट होणाऱ्या लाटेशेजारून मोटरींच्या वायरी लांबवर समांतर नेल्या तर त्यांत नको ते सिग्नल उमटू शकतात. काकांनी फोटो बघताक्षणी ते हेरलं.

शेवटी आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा. दहावीत आहे. भीत भीत म्हणाला, "ताई, माझं खालचं दाखवण्यासारखं नाहीये." मी म्हटलं, दाखव तर. त्याने नुसत्या फळीवर रुळांचा एक मोठा फंद, म्हणजे फासासारखा वळसा टाकलाय. गाडी जाते, गोल फिरते आणि आल्या वाटेने परत येते. अशा फंदात रूळ स्वतःलाच उलटा येऊन भिडतो, लालला काळा. तेव्हा फंदाचा एक तुकडा दोन्ही टोकांना फट ठेवून अलग करून त्याला आपोआप बाजू बदलणारं सर्किट लावावं लागतं. हे सगळं त्याने केलं होतं, वायरी नीट वळवून, चिकटपट्टीने बांधून. तरी लांब गाडी नेली की वीज तुटायची. छोटी गाडी मात्र बिनतक्रार फिरायची.

काकांनी एकच विचारलं, "अलग केलेला तुकडा केवढा रे?"

"एक मीटर."

"आणि लांब गाडी?"

पोराने उत्तर दिलं नाही. फोन टेबलावर तसाच ठेवून आत गेला आणि डब्यांचा खोका घेऊन आला. त्याच्या डब्यांना धातूची चाकं आहेत. गाडी तुकड्यापेक्षा लांब असली तर पुढच्या टोकाची फट इंजिन ओलांडतं तेव्हा मागच्या फटीवर अजून डबे असतात. दोन्ही फटी चाकांनी एकाच वेळी जोडल्या जातात, दोन्हीकडच्या मागण्या परस्परविरुद्ध, आणि सर्किट कोणाचंच ऐकू शकत नाही. त्याने अलग तुकड्यावर एकेक डबा मांडायला घेतला. चार डबे बसले. पाचवा फटीच्या बरोबर वर आला. खोक्यात अजून होते.

"ताई, ही फट मी सांध्यापर्यंत मागे नेऊ का?" त्याने फळीखाली डोकं घालूनच विचारलं. "तिथे सात बसतील."

काका म्हणाले, "इंजिन धरून मोज."