रेक्स जिवंत आहे का?

२०१२ चा पाडवा शुक्रवारी आला होता. शनिवारी सकाळी तापकीर गल्लीतली निम्मी दुकानं उघडली होती, उरलेली अजून श्रीखंडाच्या गुंगीत होती. माझं दुकान पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याने चढून यायचं. म्युझिक सिस्टिम, कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्क, गेमिंगची मशिनं, जे येईल ते बघायचो. त्या दिवशी भवानी केली ती हॉस्टेलवरच्या दोन इंजिनिअरिंगच्या पोरांनी. कंट्रोलरची डावी स्टिक हात न लावता एका बाजूला पळत होती. किरकोळ काम होतं. पोरं बाकड्यावर टेकली.

तेवढ्यात साडीच्या दुकानाची पिशवी छातीशी धरून तिशीतल्या एक बाई वर आल्या. पिशवीत एक्सबॉक्स ३६०, गेम खेळायचं मशीन. सणाआधी घराला रंग काढला होता, रंगाऱ्याने शोकेस सरकवलं आणि चालू मशीन वरून खाली आलं. टीव्हीवर चित्र येतंय, पण आतलं साठवलेलं काही दिसत नाही.

"मशीन राहिलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "सेव्ह पाहिजेत."

डिस्क वाचवा म्हणून लोक येतात ते लग्नाच्या फोटोंसाठी, नाहीतर मार्च अखेर जवळ आला की टॅलीच्या डेटासाठी. गेमच्या सेव्हसाठी, म्हणजे खेळ जिथवर आला त्याच्या साठवलेल्या नोंदीसाठी, कुणी डोळ्यांत पाणी आणून उभं राहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. बाई दातांच्या डॉक्टर, सदाशिव पेठेत स्वतःचा दवाखाना. पिशवीच्या तळाशी 'मास इफेक्ट ३' चं नवं कोरं पाकीट होतं, वरचा प्लास्टिकचा कागदही फाडला नव्हता.

बाकड्यावरच्या पोरांनी ते पाकीट पाहिलं आणि दोघं एकदम गप्प झाली.

"मॅडम, तुम्ही अजून खेळला नाहीत?" एकाने जपून विचारलं.

"सेव्हशिवाय कशी खेळू? माझा रेक्स जिवंत आहे."

मला काही कळेना. मग पोरांनी आणि डॉक्टरांनी मिळून माझी शिकवणी घेतली. कॅनडात एडमंटनला बायोवेअर नावाची कंपनी आहे. तिने २००७ साली पहिला भाग काढला, २०१० मध्ये दुसरा, आणि त्याच महिन्यात तिसरा आला होता. नायक कमांडर शेपर्ड. तो पुरुष घ्यायचा की बाई, चेहरा कसा, स्वभाव कसा, सगळं आपण ठरवायचं. यंत्रांची एक जुनी जात, रीपर, दर पन्नास हजार वर्षांनी येऊन आकाशगंगेतले सगळे प्रगत जीव निपटून जाते. त्यांना थोपवायचं. यात नवल काही नाही, असल्या गोष्टी पुष्कळ. नवल पुढे होतं. पहिल्या भागात तुम्ही ज्याला मारलं तो दुसऱ्यात दिसत नाही, ज्याला वाचवलं तो तिसऱ्यात दारात उभा राहतो. पहिल्याची सेव्ह फाइल दुसऱ्यात न्यायची, दुसऱ्याची तिसऱ्यात. फाइल नसेल तर गेम स्वतःच एक इतिहास धरून चालतो, आणि त्या इतिहासात रेक्स नावाचा, क्रोगन या परग्रही जमातीचा योद्धा मेलेला असतो.

"नुसता रेक्स नाही," दुसरा पोरगा म्हणाला. "सेव्ह नसेल तर क्वेरियन आणि त्यांनीच बनवलेली यंत्रं, गेथ, यांच्यात समेट होतच नाही. दोघांपैकी एक जमात..."

"पुढे बोलू नकोस!" डॉक्टर ओरडल्या. खालच्या मजल्यावरचा केबलवाला वर डोकावून गेला.

मी डिस्क काढायला घेतली. त्या मॉडेलमध्ये ती वरच्या बाजूला राखाडी डबीत असते. टॉर्क्सचे स्क्रू, त्यातला एक स्टिकरखाली लपलेला. आत लॅपटॉपची असते तसली अडीच इंची डिस्क, वीस जीबीची. कॉम्प्युटरला लावली तर थोडं फिरून कट् कट् करायची आणि थांबायची, परत फिरायची. म्हणजे डिस्क वाचणारे हेड पुरते गेले नव्हते, पण पृष्ठभागावर कुठेतरी ओरखडा होता. अशा डिस्कवर थेट फाइली शोधत बसणं म्हणजे तिला मारणं. आधी सरळ नक्कल काढायची, जिथे अडेल ती जागा सोडून पुढे जायचं आणि सोडलेल्या जागांकडे शेवटी वळायचं. डॉक्टरांना म्हटलं, संध्याकाळ होईल, घरी जा. त्या म्हणाल्या, आज दवाखाना बंद आहे, बसते.

पोरांचा कंट्रोलर झाला होता, पण तीही हलेनात. मला म्हणाली, "काका, चहाला चला." खाली अमृततुल्यात बसल्यावर त्यांची जी गाडी सुटली ती थांबेना. वर बाईंसमोर बोलता येत नव्हतं ना!

दोघांनी गेम संपवला होता आणि दोघं जळत होते. शेवटच्या दहा मिनिटांत एक लहान मुलगा, म्हणजे मुलाच्या रूपातलं यंत्र, समोर येतं आणि तीन वाटा दाखवतं. रीपरांचा नाश करा, पण मग सगळीच विचार करणारी यंत्रं मरतील, मित्र असलेले गेथसुद्धा. किंवा रीपरांना ताब्यात घ्या. किंवा जीव आणि यंत्र यांचा मेळ घाला. काहीही निवडा, स्फोट तोच, चित्रफीतही जवळजवळ तीच. रंग तेवढा लाल, निळा नाहीतर हिरवा. लंडनमध्ये शेजारी लढत असलेले सोबती नंतर एका जंगली ग्रहावर आपल्याच जहाजातून उतरताना दिसतात. ते तिथे पोचले कसे, याला उत्तर नाही.

"शेवट ए, बी, सी असे मोजता येणार नाहीत, असं दिग्दर्शक केसी हडसनने जानेवारीत मुलाखतीत सांगितलं होतं," पहिला म्हणाला. "मोजले की आम्ही. तीन."

दुसऱ्याचं म्हणणं अगदी वेगळं. त्याच्या मते तो शेवट खराच नाही. रीपर माणसाचं मन हळूहळू ताब्यात घेतात हे पहिल्या भागापासून सांगितलंय. शेपर्ड जखमी होऊन पडल्यावर जे दिसतं तो भास आहे, आणि लाल वाट निवडणारा तेवढा त्यातून सुटतो. जगभर हजारो लोकांनी हा सिद्धांत उचलून धरला होता. तो पटवताना पोराने बशीत बोट बुडवून टेबलावर लंडनचा नकाशा काढला. माझं मत विचाराल तर सिद्धांत हुशार आहे, आणि खोटा आहे. आवडत्या लेखकाने घाईत शेवट उरकला हे मान्य करण्यापेक्षा त्याने फार खोल डाव टाकलाय असं मानणं सोपं जातं.

बाकीच्या तक्रारी किरकोळीत निघाल्या. सैन्याची तयारी ऑनलाइन खेळल्याशिवाय पन्नास टक्क्यांच्या वर जात नाही, आणि हॉस्टेलचं नेट म्हणजे आनंद. जाविक नावाचा महत्त्वाचा सोबती पहिल्याच दिवशी वेगळे दहा डॉलर घेऊन विकायला ठेवला. टाली ही क्वेरियन मुलगी, सदा मुखवट्यात असणारी. पाच वर्षं तिचा चेहरा कसा असेल म्हणून सगळे झुरले, आणि शेवटी दाखवला तो बाजारात विकत मिळणाऱ्या कुणा मॉडेलच्या फोटोत थोडा फेरफार करून. हे सांगताना पोरगा खरंच दुखावला होता. मला हसू आलं, पण मी ते चहात बुडवलं.

वर आलो तर डॉक्टरांनी लगेच विचारलं, "काय म्हणाली पोरं?"

"चहा गोड होता म्हणाली."

दुपारपर्यंत नक्कल बरीचशी झाली होती. त्या डिस्कवर फाइलींना माणसाला वाचता येतील अशी नावं नसतात, आकड्यांचे फोल्डर असतात. दुसरा भाग ओळखता येतो, कारण ईए या प्रकाशकाच्या खेळांचे आकडे ४५४१ ने सुरू होतात. तो फोल्डर सापडला, आतली यादीही दिसली, आणि जी हवी ती सगळ्यात शेवटची सेव्ह नेमकी ओरखड्यात. म्हटलं, निदान पहिल्या भागाच्या तरी वाचल्यात. डॉक्टर म्हणाल्या, त्या एकट्या उपयोगाच्या नाहीत. तिसऱ्याला दुसऱ्या भागाची संपलेली सेव्ह लागते, पहिल्याचा हिशेब तिच्याच पोटात असतो. पाच वर्षांतले सगळे निर्णय, आणि फाइल मोबाइलच्या एका फोटोपेक्षा लहान.

त्यांनी पर्समधून एक वही काढून दाखवली. दवाखान्याची अपॉइंटमेंटची जुनी वही. तिच्या मागच्या पानांवर कुणाला वाचवलं, कुणाला शब्द दिला, कुणाशी खोटं बोलले, सगळं तारखेनिशी. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या मोहिमेत चुकीच्या माणसाला चुकीचं काम दिलं तर आपले सोबती मरतात. त्यांनी एकही मरू दिला नव्हता. त्यांचा शेपर्ड बाई होती. पोरं म्हणाली, मॅडम, असं कुणी खेळत नाही. तेही तसं खोटं नव्हतं. कंपनीनेच पुढे तिसऱ्या भागाचे आकडे जाहीर केले तेव्हा बाई शेपर्ड घेणारे १८ टक्के निघाले. पण त्या अठरांशी वाद घालू नये. बाई शेपर्डला आवाज देणाऱ्या जेनिफर हेलला ऐकल्यावर दुसरा शेपर्ड लाकडी वाटतो, हे डॉक्टरांनी ज्या सुरात सांगितलं त्या सुरात त्या बहुधा रुग्णाला दाढ काढायलाच हवी असं सांगत असतील.

आणि मॉर्डिन. मॉर्डिन हा सॅलेरियन जातीचा शास्त्रज्ञ, भरभर बोलणारा, बोलता बोलता गाणारा. क्रोगन लोकांची संख्या वाढू नये म्हणून त्यांच्यात एक रोग सोडलेला असतो, जेनोफेज. त्यामुळे हजारात एखादंच मूल जगतं. क्रोगन त्या रोगाला पुरून उरायला लागल्यावर तो नव्याने घट्ट करणाऱ्यांत मॉर्डिन होता. आकडेमोड बरोबर होती असं तो म्हणतो, आणि तरी त्याला झोप लागत नाही. "आमच्या कॉलेजात नीतिशास्त्राचं एक लेक्चर झालं," डॉक्टर म्हणाल्या, "तेही सरांनी फळ्यावर मुद्दे लिहून संपवलं. या सरड्याने मला जास्त शिकवलं." बायोवेअर उभी करणारे रे म्यूझिका आणि ग्रेग झेशुकही मुळात डॉक्टरच, ही माहितीही त्यांचीच.

नक्कल पुढून मागे जाताना अडत होती, म्हणून संध्याकाळी मी ती उलट्या दिशेने वाचायला लावली. शेवटाकडून सुरुवातीकडे. कधी कधी ओरखड्याच्या पलीकडच्या काठापर्यंत अशी पोचते. पोरं खुर्च्या ओढून पडद्याजवळ आली. वाचायच्या राहिलेल्या जागेचा आकडा उतरत उतरत एकदम खाली आला आणि फाइल पूर्ण झाली. पोरांनी एवढ्या जोरात आरोळी ठोकली की केबलवाला परत वर आला. त्यांना त्या बाईंची ना ओळख ना पाळख, आणि आत्ताच तर गेमला शिव्या घालून आली होती!

प्रोफाइल आणि सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरवून दुकानातल्या टीव्हीवर लावलं. डॉक्टरांनी पाकीट फाडलं, डिस्क घातली, यादीत शेपर्ड दिसली. पुढच्याच पडद्यावर गेम म्हणाला, चेहरा आणता आला नाही. तो या गेममधला माहीत असलेला दोष होता: पहिल्या भागात बनवलेला चेहरा तिसऱ्यात येत नसे, पुढे एप्रिलच्या पॅचमध्ये तो दुरुस्त झाला. मला वाटलं, आता बाई रडणार. त्यांनी सरळ वही उघडली. गालफडं, नाकाची उंची, जबड्याची रुंदी, सगळे आकडे लिहून ठेवले होते. दातांच्या डॉक्टर! जबड्यावर त्यांनी बराच वेळ घेतला.

रविवारी रात्री मेसेज आला, "रेक्स आला."

त्या आठवड्यांत तिकडे गदारोळ चालू होता. चिडलेल्या चाहत्यांनी मोहीम काढून आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला ८०,००० डॉलरच्या वर देणगी गोळा केली. एडमंटनच्या ऑफिसात चारशेवर कपकेक धाडले, वर लाल, निळं, हिरवं आयसिंग आणि आत सगळे एकाच चवीचे. कंपनीने ते तरुणांच्या निवाऱ्याला देऊन टाकले. २६ जूनला शेवट वाढवून, समजावून सांगणारी जोड फुकट आली, जवळजवळ दोन जीबीची. तीत चौथी वाटही होती, तिन्ही नाकारायची.

डॉक्टर मधल्या काळात नवी डिस्क बसवायला आल्या होत्या. मी विचारलं, काय मग? त्या म्हणाल्या, "मॉर्डिन त्या मनोऱ्यात वर गेला, रोग बरा केला आणि गेला. माझा गेम तिथे संपला. पुढे रॅनॉकवर, क्वेरियनांच्या मूळ ग्रहावर, समेट झाला ते व्याज. शेवटच्या दहा मिनिटांसाठी मी तीस तास फुकट कशाला घालवू?" पण रागही होता, पोरांपेक्षा वेगळा. गेथ आणि क्वेरियन यांच्यात त्यांनी समेट घडवला होता. यंत्रं आणि जीव एकत्र राहू शकत नाहीत, असं शेवटी येऊन सांगणाऱ्या, मुलाच्या रूपातल्या त्या यंत्राला हे माहीतच नव्हतं. "मी केलेलं त्याने वाचलंच नाही," त्या म्हणाल्या. या गेमवर मी आजवर ऐकलेल्या मतांत मला हेच सगळ्यात नेमकं वाटतं.

२०१७ मध्ये 'अँड्रोमेडा' आला तेव्हा जग चेहऱ्यांच्या हालचालींना हसलं. डॉक्टरांनी तो मुकाट्याने पूर्ण केला आणि लढाई चांगली आहे एवढंच म्हणाल्या. २०२१ च्या मे महिन्यात तिन्ही भाग घासूनपुसून एकत्र निघाले. टालीचा तो फोटोही बदलला होता. हॉस्टेलवाल्याने, तोवर नोकरीला लागलेल्याने, मला रात्री अकराला फोन करून ते कळवलं. जुन्या एक्सबॉक्सवरच्या सेव्ह त्यात चालत नाहीत. डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि सगळे निर्णय वहीबरहुकूम तेच घेतले. त्या वर्षी जाहीर झालेल्या आकड्यांत बाई शेपर्ड ३२ टक्क्यांवर गेली होती, याचा त्यांना वैयक्तिक आनंद झाला.

नव्या भागाची झलक डिसेंबर २०२० मध्ये दाखवली. बर्फात शेपर्डची जुनी सोबतीण लिआरा चिलखताचा एक तुकडा उचलते आणि हसते. म्हणजे तीनपैकी खरा शेवट कुठला धरणार? पोरगा म्हणतो लालच, कारण सैन्य भरपूर असेल तर लाल शेवटात ढिगाऱ्याखाली शेपर्ड श्वास घेताना दिसतो. डॉक्टर म्हणतात, लाल धरला तर मी जगवलेले गेथ मेले, मग मी तो विकत घेणार नाही. त्यांचं हे भांडण आता परस्पर फोनवर चालतं. मला दोघं फक्त दुरुस्ती निघाली की आठवतात.