नळाच्या पाण्याचा रिपोर्ट काढला त्याची गोष्ट

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. नळयोजनेची विहीर नाल्याकाठी, गावठाणाच्या उतारावर. पाणी नितळ, चवीला गोड, पाहुणे मागून पितात. ते तपासावं असं कोणाच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, अंगावरचं दूध पुरेना म्हणून बाळाला डब्याचं दूध सुरू झालं, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलं, "दूध कोणत्या पाण्यात कालवता? विहिरीचं असेल तर नायट्रेट तपासून घ्या. नुसतं उकळून भागत नाही."

उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेला नत्राचा क्षार, मात्र पाण्यातच राहतं, उलट वाफ उडाली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतं. तुरटीनं गढूळपणा बसतो, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनं जंतू मरतात, नायट्रेटवर दोन्ही चालत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात ते जास्त गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळी पडू लागतात. वास नाही, रंग नाही, चव नाही, म्हणजे कळायला चाचणीशिवाय मार्ग नाही.

ग्रामपंचायतीत गेलो. भिंतीवर हिरवं कार्ड लावलेलं, फाईलमध्ये 'पिण्यास योग्य' असा शेरा असलेला रिपोर्ट. नीट वाचला तर तो जैविक तपासणीचा निघाला. म्हणजे पाण्यात जंतू नाहीत, एवढंच. रासायनिक तपासणी वेगळी असते, तिचा कागद फाईलमध्ये नव्हता. आणि हिरवं कार्ड मिळतं ते विहिरीभोवती घाण आहे का, पाइप गळतो का, टीसीएलचा साठा आहे का, हे पाहून. नायट्रेटचा त्याच्याशी संबंध नाही. शेजारी बसलेले एक बुजुर्ग म्हणाले, "कायले इतकी खटपट करता? आम्ही जलमभर हेच पाणी पेलो." त्यांना काय सांगणार? ते डब्याचं दूध पिणारं तान्हं बाळ थोडेच आहेत!

गावचं पाणी तपासणारा जलसुरक्षक पोरगा मात्र कामाचा निघाला. घरी येऊन त्यानं आधी नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. "काकाजी, क्लोरीन बरोबर आहे." मग नमुने. रासायनिकसाठी प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्यानं तीनदा खंगाळून काठोकाठ भरला. जैविकची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक होऊन आलेली. ती मी सवयीनं नळाखाली धरणार तोच त्यानं हात धरला. "धुवू नका. आत औषध आहे, ते क्लोरीनला मारते. धुतली तर औषध गेलं अन् नमुनाही गेला." नळाच्या तोटीला आधी कापसाचा बोळा पेटवून आंच दिली, थोडं पाणी वाहू दिलं, मग बाटली भरली. तीही पूर्ण नाही, हलवायला वर जागा ठेवून. जैविकचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा. रासायनिकला तेवढी घाई नसते. कॅनवर गाव, स्रोत, तारीख आणि वेळ लिहायची, आणि स्रोत म्हणून 'विहीर' की 'घरचा नळ' हे स्पष्ट मांडायचं. प्रयोगशाळेत खासगी माणसाचा नमुनाही घेतात, फी किरकोळ. खिडकीवरच्या बाबूनं मला "ग्रामपंचायतीकडून या" म्हणून परत लावलं होतं. आत जाऊन केमिस्टबाईंना भेटलो तेव्हा काम झालं.

रिपोर्ट आला. पीएच 7.4, फ्लोराइड 0.6, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) 780, जंतू नाहीत. नायट्रेट 72. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसला तरी त्यात सूट नाही. टीडीएसला 500 च्या पुढे 2000 पर्यंत सवलत आहे, फ्लोराइडला 1 च्या पुढे 1.5 पर्यंत, नायट्रेटला नाही. केमिस्टबाई म्हणाल्या, "विहिरीच्या वरच्या बाजूला काय आहे ते बघा." काय असणार? उकिरडे, संडासांचे शोषखड्डे, आणि त्याच्याही वर कपाशीची वावरं. त्यांत पडणाऱ्या युरियात 46 टक्के नत्र असतं. पावसात सगळं झिरपत खाली.

बातमी गावात फिरली न फिरली तोच आरओवाला दारात. दोन ग्लासांत लोखंडी कांड्या टाकून वीज सोडली, नळाच्या पाण्याचा तपकिरी गाळ झाला, त्याच्या मशीनचं पाणी स्वच्छ. बाया घाबरल्या. पण तो गाळ कांडीच्या लोखंडाचा असतो. क्षार जास्त असले की वीज जास्त वाहते आणि कांडी जास्त झिजते. त्याच्या मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका म्हटलं तर तो सामान आवरायला लागला. आरओनं नायट्रेट कमी होतं हे खरंच आहे, पण ते या तमाशात दिसत नाही. त्याचा टीडीएस मीटर सगळ्या क्षारांची मिळून बेरीज दाखवतो, त्यात नायट्रेट किती ते सांगत नाही.

मशीन घेण्याआधी मी शाळेजवळच्या, चढावरच्या हातपंपाचा नमुना दिला. नायट्रेट 31, जंतूही नाहीत. बाळाचं दूध आता त्याच पाण्यात, उकळून. आशाताईंनी गावातल्या बाकीच्या तान्ह्या बाळांच्या घरीही तसं सांगितलं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन्ही रिपोर्ट वाचून दाखवले. नवीन स्रोत बघायला भूजल सर्वेक्षणाला पत्र द्यायचं, पावसाळ्यानंतर रासायनिक तपासणी पुन्हा करायची, विहिरीच्या वरचे उकिरडे हलवायचे, असा ठराव झाला. पत्राचं उत्तर अजून नाही. उकिरडे मात्र पोळ्याच्या आत हलले, एक सरपंचाचा सोडून.