तिसरा आलेलुया

मी कीबोर्ड शिकवते आणि वसईतल्या एका चर्चमध्ये वाजवते, रविवारची मिस्सा म्हणजे मुख्य उपासना, लग्नं, अंत्यविधी सगळंच. बाहेरच्यांना लक्षात येत नाही ते एवढंच की मिस्सेत वाजवणाऱ्याचा एक डोळा वहीवर आणि एक फादरांच्या हातांवर असतो, वेदीवरची तयारी झाली की गाणं कितीही रंगात आलेलं असो, आहे ते कडवं संपवून थांबायचं. हे सवयीने जमतं. पास्काच्या रात्रीची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या रात्रीची सवय मात्र मला अजून झालेली नाही, आणि मागच्या ईस्टरला जे झालं ते डोक्यातून जात नाहीये.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी ग्लोरियाला, म्हणजे देवाच्या गौरवाच्या गीताला, घंटा वाजतात आणि मग थेट शनिवारच्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत सगळं गप्प. नियमाप्रमाणे गाण्याला आधार म्हणून वाद्य चालतं, पण आमच्याकडे पूर्णच बंद ठेवतात आणि मला ते मनापासून पटतं. शनिवारी आधी बाहेर नवा अग्नी, मग पास्काच्या मेणबत्तीमागून अंधारात आत यायचं, मग बायबलच्या जुन्या करारातली वाचनं, सगळी घेतली तर सात, कमीत कमी तीन, त्यातलं लाल समुद्र ओलांडायचं वाचन गाळताच येत नाही. एवढा सगळा वेळ मी काहीही न वाजवता बसलेली. बोटं गार पडतात. वर आमच्याकडे मोठे दिवे ग्लोरियापर्यंत बंद असतात, आणि त्या गडबडीत कोणी कीबोर्डच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद केलं तर कीबोर्ड पुन्हा सुरू होताना साधा पियानोच लागतो आणि ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलायची सोय, शून्यावर येतो. म्हणून मी वेगळ्या लाइनवरून वायर घेते आणि वहीला छोटा क्लिपवाला दिवा लावते.

ग्लोरिया छान गेला. घंटा, दिवे, सगळे उभे, त्या आवाजात मनातली भीती ऐकू येत नाही. खरी कसोटी नंतर असते. नव्या करारातल्या संत पौलाच्या पत्राचं वाचन झालं की फादर तीनदा आलेलुया, म्हणजे 'देवाची स्तुती करा', गातात, दर वेळी पट्टी चढवून, आणि लोक तसाच परत म्हणतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात हा शब्द चर्चमध्ये उच्चारलेलाच नसतो, त्यामुळे आख्खं चर्च त्याची वाट बघत असतं. तिसरा जिथे संपेल तिथून लगेच बायबलमधलं ११८ वं स्तोत्र उचलायचं. आमच्या फादरांबरोबर सगळं ठरलं होतं, शेवटचा पांढरी चारमध्ये. पण त्यांचा घसा बसला आणि मिस्सा सुरू व्हायच्या जरा आधी कळलं की पाहुणे फादर गाणार, वयस्कर, आवाज खणखणीत पण पट्टी त्यांच्या मनाची.

माझे हात थरथरायला लागले. हातांचं एक वेळ लपवता येतं, पाय थरथरला की व्हॉल्यूम पेडलमधून आवाजच लटपटतो. काही वाजवणारे अशा वेळी धडधड आणि थरथर कमी करणारी प्रोप्रानोलॉलची गोळी घेतात, मी त्यांना नावं ठेवत नाही, मी घेत नाही इतकंच. मी प्रार्थना करते. त्या रात्रीही केली, प्रभू हे तुझं आहे, मला सांभाळ, एवढीच. आणि हात थांबले नाहीत. हे मुद्दाम लिहितेय कारण लोकांना वाटतं प्रार्थना केली की लगेच शांत वाटतं. मला नाही वाटलं.

पहिला आलेलुया ठरल्यापेक्षा बराच वर लागला. दुसरा त्याच्याही वर. तिसरा पांढरी चार आणि काळी तीनच्या बरोबर मधे, म्हणजे कीबोर्डवर ज्याला पट्टीच नाही अशा जागी. मास्टर ट्यूनिंग, म्हणजे सगळ्या सुरांची उंची थोडी वरखाली करायची सोय, बदलता येतं पण मेनूत शिरायला वेळ कुठे होता. अशा वेळी माझी नेहमीची धडपड असते पटकन एक सूर दाबून सगळ्यांना आपल्याकडे ओढायची. त्या रात्री मी हात मांडीवर ठेवले आणि परत तेच म्हटलं, हे तुझं आहे. आणि लोकांनी आलेलुया परत म्हटला. पुढच्या बाकांवरच्या लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, ज्या एरवी प्रत्येक गाणं लांबवतात म्हणून कॉयरवाले, म्हणजे चर्चचे गायक, वैतागतात, त्यांनी तो सूर धरला आणि हळूहळू आख्खं चर्च नीट पांढरी चारवर येऊन बसलं. मग मी स्ट्रिंग्स, म्हणजे व्हायोलिनसारखा आवाज, लावून पेडलने अगदी खालून आत आले, पियानोचा सूर एकदम आदळतो, थोडा फरक असला तरी उघडा पडतो, स्ट्रिंग्स मिसळून जातात. स्तोत्र झालं. पाय तेव्हाही थरथरत होता.

१९६३ साली कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा दस्तऐवज काढला, त्यात ऑर्गनचा मान सांगितलाय आणि लोकांच्या गाण्याला उत्तेजन द्या असंही सांगितलंय. आपण काय करतो, कॉयरला माइक, चार मोठे स्पीकर, कीबोर्डच्या तयार ऱ्हिदमवर दर रविवारी नवीन गाणं, आणि लोक प्रेक्षकांसारखे उभे. त्या रात्री माइक बंद नव्हते, पण कॉयरसुद्धा पट्टी शोधत गप्प होता म्हणून लोक ऐकू आले. सेंट सिसिलिया आम्हा वाजवणाऱ्यांची संरक्षक संत, २२ नोव्हेंबरला तिचा सण, चित्रांत तिच्यासमोर ऑर्गन असतो. पण पाचव्या शतकातल्या तिच्या कथेत लग्नात वाद्यं दुसरेच वाजवत असतात आणि ती मनातल्या मनात देवाला गात असते. ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती, कळली मात्र हात मांडीवर ठेवून बसले तेव्हा.

आता माझ्या एका छोट्या विद्यार्थिनीचं. फर्स्ट कम्युनियनच्या, म्हणजे मुलांना पहिल्यांदा पवित्र भाकर मिळते त्या मिस्सेला तिला स्तोत्र वाजवायचं होतं, तयारी चोख होती, मधेच बोटं थांबली ती थांबलीच. लोकांनी नुसतं गाऊन स्तोत्र पूर्ण केलं. बाहेर आल्यावर म्हणाली, टीचर, मी पण प्रार्थना केली होती ना. आणि तिथल्या एका मोठ्या माणसाने तिला सांगितलं की विश्वास कमी पडला असेल. मला इतका राग आला! लहान मुलीला असं बोलू नये, आणि ते खरंही नाही, माझा विश्वास काही तिच्यापेक्षा मोठा नव्हता, मला फक्त पुढच्या बाकांवरच्या बायका वेळेवर ऐकू आल्या. मी तिला म्हटलं, स्तोत्र थांबलं का? लोकांनी म्हटलंच ना? ती म्हणाली, हो, पण मी वाजवणार होते.

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. मेट्रोनोम लावून आम्ही दोघी परत बसतोय, बोटं पक्की हवीतच, ते काम प्रार्थनेवर ढकलायचं नसतं. येत्या रविवारचं स्तोत्र तिला दिलंय, बाकी सगळं मी वाजवेन, आणि कॉयरला सांगितलंय की त्या स्तोत्राला माइक बंद ठेवा, लोकांचा आवाज तिच्यापर्यंत पोचू दे.