लिव्हर टॉनिकच्या आधी गाईची पाठ पाहावी

गाय व्याली की चार-पाच दिवसांत लिव्हर टॉनिकची बाटली आणून पाजायची, ही पश्चिम महाराष्ट्रातील संकरित गाईंच्या गोठ्यांत आता जवळजवळ रीतच पडली आहे. बाटलीला माझा विरोध नाही. मात्र व्याल्यानंतर यकृतावर किती भार येणार, हे बहुतांशी विण्याआधीच ठरलेले असते, असे पशुवैद्यक म्हणून माझे मत आहे.

गाईला चाऱ्यातून थेट ग्लुकोज फारच थोडे मिळते. कोठीपोटातील (पोटाच्या सर्वात मोठ्या कप्प्यातील) जिवाणू खाद्यापासून प्रोपिओनिक आम्ल तयार करतात आणि त्यापासून मुख्यतः यकृतच ग्लुकोज घडवते. एका लिटर दुधामागे सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज खर्ची पडते, म्हणजे २० लिटरच्या गाईला दूध बनवण्यासाठीच रोज जवळपास दीड किलो लागते. व्याल्यावर दूध झपाट्याने चढते, भूक मात्र कित्येक आठवडे मागे राहते, आणि ही तूट गाय अंगावरची चरबी मोडून भरून काढते. मोडलेली चरबी यकृतात येते. तिचा काही भाग पूर्ण जळतो, काही भागाचे कीटोन (चरबी अर्धवट जळून होणारे पदार्थ) होतात आणि उरलेली तिथेच साठते, कारण साठलेली चरबी पुन्हा रक्तात सोडण्याची रवंथ करणाऱ्या जनावरांच्या यकृताची कुवत मुळातच बेताची असते. म्हणून कितनबाधा (रक्तात कीटोन वाढण्याचा आजार, म्हणजे कीटोसिस) आणि यकृतात चरबी साचणे हे दोन वेगळे आजार न मानता एकाच तुटीचे परिणाम मानलेले बरे.

लक्षणे सुरुवातीला अगदी साधी दिसतात: गाय गोळी पेंड तशीच ठेवते पण कडबा खात राहते, शेण घट्ट व चकचकीत पडते, श्वासाला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा गोडसर वास येतो (हा वास सर्वांनाच ओळखता येत नाही), आणि दूध उतरते. त्याहून जास्त नुकसान छुप्या कितनबाधेने होते. माणसांच्या कीटोन मोजणाऱ्या छोट्या यंत्रावर गाईच्या रक्ताचा थेंब ठेवून तपासता येते. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत आकडा लिटरमागे १.२ मिलिमोलच्या वर गेला, तर गाय वरून ठणठणीत दिसली तरी उपचार सुरू करावेत. शिरेतून दिलेल्या ग्लुकोजचा परिणाम काही तासच टिकतो, म्हणून त्यासोबत प्रोपिलीन ग्लायकॉल (ज्यापासून यकृत ग्लुकोज घडवते असा द्रव) रोज ३०० मिली, तीन ते पाच दिवस, तोंडाने द्यावे लागते. पाजताना मान फार उंच ओढू नये. ठसका लागून औषध फुफ्फुसात गेल्यास मूळ आजारापेक्षा तेच महागात पडते. गुळाच्या पाण्याचा मात्र येथे फारसा उपयोग नाही, कारण गूळ कोठीपोटातच आंबतो, आणि जास्त झाला तर अपचन होते ते वेगळेच.

आता पाठीविषयी. गाय विताना पाच गुणांच्या मोजणीत (एक म्हणजे अगदी हडकुळी, पाच म्हणजे फार लठ्ठ) तिचा अंगलोट, म्हणजे अंगावरच्या चरबीचा गुण, सव्वातीन ते साडेतीनच्या आसपास असावा. शेपटीच्या मुळाशी बोटे दाबून पाहावीत. तिथे चरबीची मऊ गादी लागत असेल आणि बरगड्या जोर दिल्याशिवाय हाताला लागत नसतील, तर अशी गाय व्याल्यावर खाणे टाकण्याची शक्यता अधिक असते. अशा गाईचा खुराक भाकडकाळात एकदम तोडणे, हा मला आढळणारा सर्वात घातक उपाय आहे, कारण उपाशी ठेवल्याने चरबी विण्याआधीच मोडू लागते आणि यकृत भरलेल्या अवस्थेतच गाय विते. अंगलोट सुधारायचा तो दूध आटवण्याच्या दोन-तीन महिने आधी, दुधाच्या प्रमाणात पेंड मोजून. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवावा आणि उसाचे वाढे शक्यतो टाळावेत, कारण त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियम घसरले की पोटाची हालचाल मंदावते, गाय कमी खाते आणि ऊर्जेची तूट आणखी वाढते.

गाय लठ्ठ का होते, याचे उत्तर बहुतेक वेळा रेतनाच्या नोंदवहीत सापडते. उशिरा गाभण राहिलेली गाय अनेक महिने कमी दुधावर आणि भरपूर खुराकावर राहते, अंग धरते, व्याल्यावर कितनबाधेत सापडते आणि त्यामुळे तिचा माज पुन्हा लांबतो. व्याल्यानंतर दोन महिन्यांतही माज दिसला नाही, तर गर्भाशय तपासून घ्यावे आणि त्याच दिवशी तिच्या पेंडीचे मापही तपासावे.