अंगठा सोडू नकोस

डब्लिनमधली आपली मंडळी जवळच्या किल्डेअर गावाला जातात ती सेलच्या खरेदीला. मीही दोनदा त्यासाठीच गेले होते. यंदा ३१ जानेवारीला गेले ती मात्र लव्हाळं विणायला.

१ फेब्रुवारी हा संत ब्रिजिडचा दिवस. किल्डेअरचा जुना मठ स्थापणारी ती हीच. आयरिश लोकांच्या हिशेबाने वसंत त्या दिवशी सुरू होतो. (बाहेर बोचरी थंडी, आडवा पाऊस. असो.) २०२३पासून या सणाची सार्वजनिक सुट्टीही मिळते. आदल्या संध्याकाळी लव्हाळ्याचा नाहीतर पेंढ्याचा क्रॉस विणून दारावर, गोठ्यात लावायचा, म्हणजे आग, वीज, रोगराई घरात शिरत नाही, अशी जुनी चाल.

किल्डेअरला तिच्या नावाच्या कॅथीड्रलच्या आवारात उंच गोल मनोरा आहे आणि जवळच जुन्या अग्निगृहाचा दगडी पाया. इथल्या अखंड अग्नीबद्दल जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकाने बाराव्या शतकात लिहून ठेवलंय: एकोणीस जोगिणी पाळीपाळीने एकेक रात्र तो राखायच्या, विसाव्या रात्री पाळी खुद्द ब्रिजिडची! पुरुषांना कुंपणाच्या आत मज्जाव. पुढे विझलेली ती ज्योत १९९३मध्ये गावच्या चौकात पुन्हा पेटवली गेली.

हॉलमध्ये लांब टेबलावर हिरव्यागार काड्यांचा ढीग होता. ओल्या, गुळगुळीत, भाताच्या खाचरासारखा वास. महापुरात झाडं वाहून जातात आणि वाचतं ते हेच लव्हाळं, हे शाळेत घोकलं होतं. हातात मात्र पहिल्यांदाच घेतलं. शिकवणाऱ्या आजी म्हणाल्या, "हे कापायचं नाही, उपटायचं."

एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेत अडकवायची, दोन्ही टोकं उजवीकडे. मग सगळं पाव वळसा डावीकडे फिरवायचं. आता उभ्या झालेल्या काड्यांवरून तिसरी दुमडायची, टोकं पुन्हा उजवीकडे. बस, एवढंच. पण मधला चौकोन अंगठ्याने दाबून ठेवावा लागतो आणि मी सातव्या काडीला चष्मा वर सरकवायला गेले. सगळा पसारा मांडीवर.

"अंगठा सोडू नकोस, पोरी." आजींनी पुन्हा पहिली काडी हातात दिली आणि गोष्ट सांगायला लागल्या. एक सरदार मरणाच्या दारात होता. ब्रिजिड उशाशी बसली आणि जमिनीवर अंथरलेलं लव्हाळं उचलून बोलता बोलता क्रॉस विणू लागली. हे काय, असं त्याने विचारलं. ऐकता ऐकता त्याने तिचा धर्म घेतला. मला त्या धर्मांतरापेक्षा ती बोलताना हात चालू ठेवणारी बाई जास्त पटली. आमच्या टेबलावरही तेच चाललं होतं. शेजारच्या काकांना हा आकार टीव्हीमुळे ओळखीचा. १९६१च्या अखेरीस आयर्लंडची दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा हाच क्रॉस तिचं बोधचिन्ह होता.

सोळाव्या काडीला थांबले. चारी हात दोऱ्याने बांधले, टोकं कात्रीने सारखी केली. चौकोन थोडा तिरपाच आला. "जुना फेकायचा नाही हं," आजी म्हणाल्या. पूर्वी तो छपराच्या वाशांत खोचून ठेवत आणि दर वर्षी नव्याची भर पडे.

आमच्या भाड्याच्या फ्लॅटला ना वासे, ना खिळा ठोकायची परवानगी. दाराच्या वर, संक्रांतीपासून राहिलेल्या तोरणाशेजारी, चिकटपट्टीने लावला. तीन आठवड्यांत काड्या सुकून पिवळट झाल्या, बारीक झाल्या, आणि काल एका हाताचा दोरा सैल होऊन खाली आला. स्टुलावर चढून पुन्हा घट्ट बांधला. अंगठा न सोडता.